भय्याजींची अ‍ॅम्बेसेडर

आमचं घर लाखनीला, हायवेपासून दोन गल्ल्या आत. घरात आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. बाबा, म्हणजे वासुदेवराव, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. बोलणं एकदम शुद्ध. आईच्या तोंडून 'मले' निघालं की जेवता जेवता थांबून 'मला' म्हणायचे. आई हसायची आणि पुन्हा 'मले'च म्हणायची. सकाळी पेपर आला की ते लाल पेन घेऊन बसत आणि छपाईतल्या चुकांना गोल करत.

जानेवारीत त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. त्यानंतर ते दिवसभर अंगणात खुर्चीवर बसून असायचे. आई भरवायची. पण माणूस आत होता. मी पेपर समोर धरायचो, आणि चुकीच्या शब्दापाशी नजर आली की त्यांच्या डाव्या हाताचं बोट हलायचं. मी तिथे लाल गोल करायचो. ते डोळ्यांनी हो म्हणायचे.

ऑगस्टच्या शेवटी मी गाडी घेतली. जुनी गाडी स्वतः उभी करायची हौस मला शिकत असल्यापासून होती, आणि खरं सांगायचं तर बाबांजवळ अंगणात तासन्‌तास बसायला मला काहीतरी काम हवं होतं. गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या एका गावाचं पुनर्वसन झालंय, तिथे एका बाईंकडे चौऱ्याहत्तर सालची अ‍ॅम्बेसेडर पडून आहे, असं कळलं.

पुनर्वसनाचं गाव म्हणजे सरळ रेषेत आखलेले प्लॉट आणि सिमेंटचे रस्ते. आनंदाबाईंच्या घरामागे टिनाच्या शेडखाली गाडी होती. चारही टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्यांची घाण. पण पत्रा शाबूत होता. जुनं गाव सोडताना ती ट्रॅक्टरने ओढून आणली होती, तेव्हापासून तिथेच.

"आमच्या भय्याजीची हाय," आनंदाबाई नवऱ्याबद्दल म्हणाल्या. सत्तरीच्या, बारीक, ताठ बाई. "ते गेले, मंग गाव उठलं."

मी इंजिन बघत होतो. त्या म्हणाल्या, "चालवासाठी घेऊन राहिले का ठेवासाठी?"

"चालवायलाच. सुरू होईल ही."

त्या हाताने शेडचा खांब चाचपत राहिल्या. "ठेवासाठी घ्या," एवढंच म्हणाल्या.

मी हसलो. म्हाताऱ्या माणसांचा वस्तूंवर जीव असतो, असं मला वाटलं.

गाडी टेम्पोवर घालून आणली आणि बाबांच्या खुर्चीसमोर उभी केली. रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवार पूर्ण. कार्बोरेटर खोलून धुतला. पेट्रोलची टाकी काढली, तर आत गाळ होता, काळा, तळ्यातल्यासारखा. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते नवीन टाकलं. सीटखाली सुपारीचे तुकडे आणि एक शिंगाची फणी सापडली. मी काम करताना बाबांशी बोलत असे, हे काय, ते काय. त्यांना गाड्यांतलं काही कळत नसे. आयुष्यभर सायकल आणि एसटी.

ऑक्टोबरच्या मध्यात इंजिन बसवून झालं. दुपारची वेळ होती. आई दारात पदराला हात पुसत उभी. मी स्टार्टर ओढला. इंजिन दोनदा फिरलं, खोकलं, थांबलं. पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

"चोक," मागून आवाज आला.

मी वळलो. बाबा माझ्याकडे नव्हे, गाडीकडे बघत होते.

"चोक ओढ नं बे," ते म्हणाले.

नऊ महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द. मी चोक ओढायला खरंच विसरलो होतो. ओढला, आणि गाडी सुरू झाली. आई रडायला लागली, मीही. सगळं अंगण धुराने भरलं. त्या गडबडीत बाबा, ज्यांनी मला उभ्या जन्मात कधी 'बे' म्हटलं नव्हतं, ते कोणत्या बोलीत बोलले हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर ते झपाट्याने सुधारले. ब्रेक दुरुस्त केले त्या आठवड्यात उजवा पाय टेकायला लागला. दिवाळीपर्यंत ते अंगणात फिरत होते, उजव्या हाताने गाडीची काच पुसत होते. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, असं होतं कधी कधी, मेंदू स्वतःच वाट काढतो. मी पेढे वाटले.

पेपर मात्र तसाच पडून राहायला लागला. मी एकदा लाल पेन हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि खिशाला लावून टाकलं.

एका सकाळी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "धनू, ते मले 'बाई' म्हनून राहिले."

"म्हणजे?"

"'बाई, पानी देता का?' असं म्हन्तेत. पानी देलं का मान खाली घालतेत. चाळीस वर्सात मले कोनी इतकं मानानं पानी मांगलं नाई."

"लकव्यानंतर शब्द बदलतात, आई. डॉक्टर म्हणाले ना."

"शब्द नाई," आई म्हणाली. "नजर."

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी बाबांना अ‍ॅम्बेसेडरमधूनच चौकातल्या ऑनलाइन केंद्रावर नेलं. केंद्रावरच्या मुलीने त्यांचा अंगठा मशीनवर ठेवला. जुळला नाही. मग बोटं, एकेक करून दहाही. कापडाने पुसून, पावडर लावून. मग डोळ्याचं मशीन आणलं. तेही जुळलं नाही.

"वय झालं का होते असं," ती म्हणाली. "बँकेत रजिस्टरवर सही केली तरी चालते."

बँकेत रजिस्टर पुढे आलं. बाबांची सही वळणदार, शेवटी एक लांब रेघ. गेल्या वर्षीची वरच्याच ओळीत दिसत होती. बाबांनी रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते लाजले होते.

"मले सही नाई येत," ते हळूच म्हणाले. "अंगठा चालंन का?"

मी क्लार्कला सांगितलं की लकव्यामुळे हात चालत नाही. त्याच हाताने त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, नीट, दोन्ही बाजूंनी वळवून, जसे सवय असलेले लोक दाबतात.

कागद घेऊन मी बाहेर आलो तेव्हा ते ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले होते आणि इंजिन सुरू होतं.

"बाबा, सरका. मी घेतो."

त्यांनी हँडलजवळचा गिअर टाकला. मी पळत जाऊन दुसऱ्या बाजूने आत शिरलो तोवर गाडी निघाली होती. मी हात पुढे केला, पण हायवेला लागलेल्या गाडीत स्टिअरिंग ओढणं म्हणजे काय ते मी मुलांना शिकवतो. मी हात मागे घेतला. ते सुंदर गाडी चालवत होते. क्लच सोडणं, ट्रकला बाजू देणं, खड्ड्याआधी पाय सैल करणं, सगळं जुन्या ड्रायव्हरसारखं. मी दोनदा म्हणालो, घर मागे राहिलं. ते मानेनेच हो म्हणाले आणि दक्षिणेकडे वळले.

तासाभराने आम्ही पुनर्वसनाच्या गावात होतो. तिथे यायला त्यांनी वाट विचारली ती एकदाच, आणि तीही अशी: "नवं गाव कोन्त्या अंगाले बसवलं?"

आनंदाबाईंनी सिमेंटच्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं आणि पायांनी फिरवत होत्या. गाडी धानाच्या कडेला, एक दाणाही न चिरडता थांबली. त्यांनी वर पाहिलं. काचेतून ते हसले. बाईंचा हात आपोआप पदराकडे गेला, पदर डोक्यावर आला, आणि मग त्यांनी तो रागाने खाली ओढला.

मी उतरून त्यांच्याजवळ गेलो.

"म्या ठेवासाठी देली होती," त्या म्हणाल्या.

"ते माझे वडील आहेत, मावशी. वासुदेवराव. शिक्षक होते."

"असतीन."

"त्यांना इथे... तुम्ही एकदा बोलून बघता का त्यांच्याशी?"

"काय बोलू?" त्यांचा आवाज चढला नाही. "म्या त्याइले अग्नी देतानी पाह्यलं. तेरवी केली. गाव बुडालं, घर बुडालं, म्या येकटीनं इथं घर बांधलं. आता मी कोनाची बाई म्हनून त्याइच्या समोर जाऊ? मानूस त तुमच्या आईचा हाय."

त्यांनी पाय पुन्हा धानात घातले. ओळीतून ओळ, ओळीतून ओळ. गाडीकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

परत येताना मी चालवली. ते शेजारी बसून बाहेर बघत होते. "वळखलं नाई तिनं," एकदा म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. माझ्या बाबांच्या गालावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते खुर्चीत बसलेले असताना, मी बॉनेट उघडलं. गाडी बंद करायची, खोलायची, भंगारात द्यायची, एवढंच ठरवलं होतं. बॅटरी सोडवली. त्यांचा हात मांडीवरून घसरला. मी पाहिलं, पण थांबलो नाही. इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं.

आई ओरडली.

ते खुर्चीत कलंडले होते. तोंड वाकडं झालं होतं, डोळे वर गेले होते. छाती हलत नव्हती. आई त्यांचे तळवे घासत होती आणि माझ्या नावाने ओरडत होती.

मी झाकण बसवलं. वायरी चुकल्या, पुन्हा लावल्या. बॅटरी जोडली. चोक ओढला.

इंजिन लागलं.

त्यांनी श्वास घेतला.

थोड्या वेळाने ते सरळ बसले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "बाई, रडता काहून?"

एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं नाही. दुसऱ्यांदा करून बघावं लागतं, असं मी वर्गात सांगतो. माझी हिंमत झाली नाही. त्या क्षणी, तोंड वाकडं झालं तेव्हा, त्यांच्या डाव्या हाताचं बोट हललं होतं का? मला हललेलं दिसलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, मी पाह्यलं नाई. आणि उठून आत गेली.

मी आता रोज सकाळी कामावर जाण्याआधी गाडीचं तेलपाणी बघतो.

गेल्या आठवड्यात चारच्या सुमारास घरी आलो. ते अंगणात गाडीला फडकं मारत होते. आई स्वयंपाकघरात होती. तिने चहा ओतला, पाहुण्यांच्या कपात, आणि बशी माझ्या हातात दिली. तेव्हा मला तिचे हात दिसले. एकही बांगडी नव्हती. कपाळ पुसलेलं होतं.

"आई, हे काय?"

"तू नेऊन दे. मी समोर नाई जात," ती म्हणाली. "अन्‌ देवाजवळ दिवा लावू नको आता. दहा दिवस आपल्याले चालत नाई."

मी चहा घेऊन बाहेर आलो. त्यांनी फडकं बॉनेटवर ठेवलं आणि कप घेतला. दारातून त्यांची नजर आत गेली असावी. चेहरा गंभीर झाला. बाबांची कपाळावरची आठी, तीच.

"वडील गेले का तुमचे?" त्यांनी मला विचारलं. "कवा?"

मी मागे दाराकडे वळलो.

"मंगळवारी," आई आतून म्हणाली.

कोणत्या मंगळवारी, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

त्यांनी मान हलवली. मग हातातल्या कपाकडे पाहिलं, थोडे ओशाळले.

"मले मालूम नोव्हतं," ते म्हणाले, आणि सुतकाच्या घरचं काही घेऊ नये म्हणून कप, तसाच भरलेला, दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला.