मतदान चालू असताना बंद दार

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण माझ्या मामांना खोटारडं म्हणू नका.

मामा राज्याच्या विधिमंडळात दारवान होते. वरच्या सभागृहाच्या दारावर.

त्या दिवशी भर दुपारी धरणाचं विधेयक आलं. धरणाला पैसा केंद्राचा, पण जमीन घ्यायचा कायदा राज्यानेच करायचा होता. खालच्या सभागृहात विधेयक आधीच पास झालं होतं. वरच्यांना ते कायमचं पाडता येत नाही, फक्त थोपवता येतं. पण खालच्या सभागृहाची मुदत संपत आली होती. नुसतं थोपवलं असतं, तरी विधेयक तिथेच बारगळलं असतं.

आणि धरणाच्या पाण्यात सगळ्यात आधी जाणार होतं माझ्या मोठ्या मावशीचं घर.

सकाळीच तिने मामांना फोनवर चिडवलं होतं, "तुझे साहेब लोक तिथे झोपा काढतात म्हणे. आज तेवढं जागं ठेव रे बाबा त्यांना!"

मतदानाची घंटा वाजली. आमदार लगबगीने आत आले. विरोधातले काही जण अजून जिन्यातच होते...

घंटा थांबली. मामांनी कडी लावली.

नियमच तसा. मोजणी होईपर्यंत दार उघडायचं नाही. उघडलं, तर मतदान पुन्हा घ्यावं लागतं.

तेवढ्यात... बाहेरून थाप पडली.

उशिरा आलेले आमदार असतील, असं मामांना वाटलं.

पुन्हा थाप. आणि मग...

"बाळ, दार उघड रे. पाणी आत आलंय."

मावशीचा आवाज!

मामांचा हात आपोआप कडीकडे गेला.

शेजारच्या दारवानाने त्यांचं मनगट धरलं. "वेड लागलंय का? नोकरी जाईल!"

"अरे, माझी ताई आहे बाहेर..."

"कोणाचाही आवाज येत नाहीये. गप उभा राहा."

थापा वाढल्या. मग हळू झाल्या.

मग... काहीच नाही.

मतं समसमान पडली. सभापतींनी आपलं मत सरकारच्या पारड्यात टाकलं. विधेयक पास झालं.

मामांनी दार उघडलं. बाहेर उशिरा आलेले आमदार चरफडत उभे होते.

"साहेब, इथे एक बाई होत्या का? दार ठोठावत होत्या..."

"बाई? इथे आम्हीच आहोत. आणि ठोठावून तुम्ही उघडणार होतात का?"

मामांनी मावशीला फोन लावला.

"मी घरीच आहे की. भाजी निवडतेय. काय झालं रे मतदानाचं?"



काही वर्षांनी धरण भरलं. गाव उठलं, मावशी उठली नाही. पाणी अंदाजापेक्षा लवकर चढलं. ती सापडली तेव्हा दाराला आतून टेकून बसलेली होती.

दाराला... बाहेरून कडी होती.

ती कोणी लावली, ते पोलिसांना शेवटपर्यंत कळलं नाही. मामा त्या दिवशी विधिमंडळात कामावर होते. सगळ्यांनी पाहिलंय.

तरी मामा एकच वाक्य धरून बसलेत, "कडी मीच लावली."

आधी मी त्यांची समजूत काढायचो. हल्ली काढत नाही. मलाही आता खात्री वाटत नाही.