मंगलचा उजवा हात

मोबाईल खाली ठेवा आणि जरा जवळ सरका. मी निपाणीत मास्तर होतो तेव्हा आमच्या गल्लीत अमृत टेंपोवाला राहायचा. त्याची बायको मंगल. तिच्यावर जे गुदरलं ते तिनं स्वतः माझ्या मंडळींना सांगितलं, आणि मंगल काही उगाच बोलणारी बाई नव्हे.

वीस-बावीस वर्षं ती विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पाला-तंबाखू, आणि समोर तिची थोरली जाऊ जयाबाई. बोलणं संपायचं, पण दोघींचे हात थांबायचे नाहीत.

मग जयाबाईची बोटं बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या यायच्या, पुढं मुंग्याही येईनात. विडी हातातून कधी निसटली ते तिला कळायचं नाही.

"माझं हात माझं न्हाईत राहिलं गं," ती म्हणाली.

"काम नको झालं की समद्यांचंच हात भरून येत्यात," मंगल म्हणाली. चारचौघींत म्हणाली. बाया हसल्या. जयाबाईनं सूप पुढं ओढलं.

बधिरपणा पायात उतरला. तळपायात खिळा घुसला आणि दोन दिवस बाई त्याच्यावर चालली. जखम चिघळली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं हात पुढं केला. "मंगल, हात धर की."

"धरलाय की आक्का."

"न्हाय... कळंना झालंय."

त्या संध्याकाळी ती गेली. ती दिवाळी घरात झालीच नाही.

पौषात मंगलच्या उजव्या हाताची करंगळी बधिर झाली. पंधरा दिवसांत मनगटापर्यंत सगळंच. मंजुश्री डॉक्टरीणबाईंनी मनापासून तपासलं. साखर बघितली, थायरॉईड बघितलं, मानेच्या मणक्याचा फोटो काढला. सारखं तेच काम करून मनगटातली नस दाबली जाते म्हणून बेळगावला पाठवून नसांची तपासणी करवली. जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही झाली. एकेक कारण खोडत गेल्या आणि शेवटी कागद बाजूला ठेवले.

"सगळं नॉर्मल आहे, मंगलताई."

"मग मला झालंय तरी काय वो मॅडम?"

बाईंनी झोपेसाठी एक गोळी लिहून दिली, तेवढीच.

दोन हजार चोवीस साल, माघातली अमावस्या, रविवार. अमृत भाडं घेऊन कोल्हापूरला गेला होता. सव्वाआठला मंगल त्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेली. गोळ्या घेतल्या, पिशवी डाव्या हातात धरली आणि गल्लीच्या तोंडाशी आली. दिवे होते. दोन घरांत टीव्ही चालू होता.

तिथं तिच्या उजव्या हाताला कळलं.

दोन महिने त्या हाताला चहाचा कप कळत नव्हता, टाचणी कळत नव्हती. आता कळलं. कुणीतरी हात धरला होता. चार बोटं तळहातावर आडवी, अंगठा मागच्या बाजूला. गार. घट्ट.

तिनं खाली बघितलं. हात नुसता लोंबत होता. मोकळा.

ती चालायला लागली. धरणारंही चाललं. शेजारच्या दुर्गाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. "मंगल, बरी हायस न्हवं?" मंगल मान हलवून पुढं गेली.

घरात आली. कडी लावली. पकड तशीच.

"जयाक्का..."

काही नाही.

"चुकलं माझं. मी तसं बोलाय नको होतं."

काही नाही. पकड ढिलीही झाली नाही, वाढलीही नाही. माफ केलं की नाही, त्यातनं काय कळणार?

हाताला काहीतरी काम द्यावं म्हणून तिनं डाव्या हातानं गॅस पेटवला. तवा ठेवला. अमृत येईल, दोन भाकरी टाकाव्यात. तवा तापला. धूर दिसायला लागला.

उजवा हात उठला.

तिनं उठवला नव्हता.

तिनं डाव्या हातानं मनगट धरून ओढलं. हलेना. सगळं अंग मागं टाकलं. पाय फरशीवर घसरले. हात पुढंच गेला. सावकाश. अगदी सावकाश...

टेकला.

दुखलं नाही. काहीच दुखलं नाही. चर्र आवाज झाला. वास आला. ती नुसती बघत राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. हातात फक्त ती चार बोटं कळत होती... घट्ट...

मग सुटली.

अमृत आला तेव्हा ती ओट्याखाली बसून होती. गॅस चालूच.

सकाळी मंजुश्रीबाईंनी जखम धुतली. धुता धुता थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. सगळा तळहात फोडांनी भरला होता. मध्ये मात्र कातडीच्या चार आडव्या पट्ट्या कोऱ्या होत्या. फोड नाही, लालीसुद्धा नाही. एकीखाली एक, बोटाएवढ्या रुंद.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तवा आणि तुमच्या हाताच्या मध्ये कुणाचा हात होता?"

मंगलचा हात अजून बधिरच आहे. भाजलेली कातडी पुढं काळी पडली. त्या चार पट्ट्या तेवढ्या तशाच राहिल्या, गोऱ्या. जयाबाईनं तिचा हात तव्यावर दाबला होता की स्वतःची बोटं मध्ये घातली होती, ते त्या पट्ट्यांकडं बघून सांगता येत नाही. मी बघितल्यात.