चार मीटरच्या आत

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधेच आहेत, माफ करा. आठवीत शाळा सुटली. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय.

माझा थोरला भाऊ उडत्या शिकारी पक्ष्यांचे फोटो काढतो. मीही काढतो, त्यानंच शिकवलं. पण दादा लबाडी करायचा. कोंबडीचं जिवंत पिल्लू नायलॉनच्या दोरीनं कड्यावर बांधायचा. गरुड सूर मारून आला की फोटो. मागच्या महिन्यात ती दोरी एका मादीच्या पायात अडकली. कड्याखाली उलटी लटकून ती तासभर फडफडत होती. मी चाकू काढला, तर दादानं माझं मनगट धरलं.

"थांब रे, बावळटा! उजेड बघ काय मस्त पडलाय!"

ती मेल्यावर त्यानं दोरी कापली. त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. वहिनीनं तो भिंतीवर लावला, जेवायला बसलं की बरोबर समोर. मी ताट उचलून बाहेर ओट्यावर जेवायला लागलो.

परवा भर दुपारी पुन्हा त्याच कड्यावर गेलो. आज पिल्लू बांधू द्यायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो. पण दादासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यानं पिल्लू बांधलं. थोड्या वेळानं वारा पडला. पिल्लू ओरडायचं थांबलं. कुठून तरी कुजका वास यायला लागला.

"आली बघ," कॅमेऱ्याला डोळा लावून दादा कुजबुजला. "मादी आहे... केवढी मोठी!"

मी वर पाहिलं. आकाश कोरं. साधा कावळाही नाही.

"कुठंय, दादा?"

"आंधळा आहेस का? सरळ माझ्याकडेच येतेय..."

कॅमेरा खटाखटा चालला होता. त्याच्या लेन्सवर एक छोटी काच आहे. लेन्स किती लांबचं पाहतेय, तो आकडा तिच्यात दिसतो. समोर काहीच नव्हतं, तरी आकडे सरकत होते. चाळीस मीटर. वीस. दहा.

मी ओरडायला हवं होतं. त्याला मागे ओढायला हवं होतं. पण मला माझं मनगट आठवलं. मनात म्हटलं, थांब. उजेड मस्त पडलाय.

चार मीटर. त्याच्या आतलं या लेन्सला दिसतच नाही, आकडे तिथंच संपतात. तरी लेन्स घरघरत राहिली...

"अरे, ही थांबत का नाही..."

दादा किंचाळून खाली बसला. उजवा डोळा फाटला होता. तो डोळा तर कॅमेऱ्याला चिकटलेला होता, मध्ये बोट जायला जागा नव्हती. मी आधी पिल्लू सोडलं. मग दादाला पाठीवर घेऊन उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी त्याच्या कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. पहिल्यात उंचावरून दिसणारा कडा आणि त्यावर दोन ठिपके. पुढच्या प्रत्येक फोटोत ठिपके मोठे होत गेले. शेवटच्यात कॅमेऱ्याला डोळा लावलेला दादा, आणि त्याच्या मागे मी.

मी हसत होतो.

आईशप्पथ सांगतो, मी हसलो नव्हतो.

फोटो पुसून टाकता आला असता. नाही पुसला. वॉर्डात गेलो, दादाला उठवलं आणि त्याच्या उरलेल्या डोळ्यासमोर तो धरला.

"नीट बघ," म्हटलं.