मास्तरांचं लॉगिन

आधी ते फोन बाजूला ठेवा. बंद नका करू, बंद करून काही फरक पडत नाही, नुसते पालथे ठेवा. आणि मध्येच "पण काका, असं कसं होईल" असं कोणी विचारायचं नाही. कसं होईल ते मला कळलं असतं तर मी ही गोष्ट दिवसाउजेडी सांगितली असती.

माझा साडू तुम्ही पाहिलाय. तोच, जो कुणाच्याही घरी गेला की आधी दाराची कडी लागते का ते बघतो. मोबाइलच्या टॉवरवर दुरुस्तीचं काम करायचा. नाकासमोर चालणारा माणूस. थापा मारायला डोकं लागतं, तेवढं देवाने त्याला दिलेलंच नाही. मंगळवार, चौदा तारीख. अमावास्या वगैरे काही नव्हती, स्वच्छ चांदणं होतं. रात्री सव्वाअकराला घरातून निघताना बायकोला म्हणाला, "पाण्याच्या टाकीमागच्या टॉवरवर जाऊन येतो, पहाटेपर्यंत काम आहे." ती म्हणाली, "स्वेटर घे." घेतला आणि निघाला.

काम कसलं, तर चोर पकडायचा होता.

आता नीट ऐका. आपला फोन टॉवरशी बोलतो ते सांकेतिक भाषेत. त्याला ही मंडळी कुलूप म्हणतात. कुलूप काढलं, की जवळपास गाडीत यंत्र घेऊन बसलेल्या माणसाला सगळ्या वस्तीचे मेसेज वाचता येतात, बँकेचे कोडसुद्धा. त्या टॉवरचं कुलूप महिनाभर अधूनमधून रात्री कोणीतरी काढत होतं. सकाळपर्यंत ते परत लागलेलं असायचं, म्हणून आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. टाकीजवळ राहणारी एक निवृत्त नर्स होती, तिचं खातं एका रात्रीत धुऊन निघालं, तेव्हा बोंब झाली.

नोंदी काढल्या. कुलूप काढणाऱ्याचं नाव निघालं मास्तरांचं.

आणि मास्तर चार महिन्यांपूर्वी वारले होते.

मास्तर म्हणजे साडूचे जोडीदार. सगळ्यांना शिकवायचे म्हणून मास्तर. त्याच टॉवरच्या खालच्या खोलीत, लॅपटॉप मांडीवर असताना, एकटेच असताना छातीत कळ आली आणि गेले. त्या रात्री पाळी खरं तर साडूची होती. पोरगी तापाने फणफणली होती, म्हणून मास्तर म्हणाले होते, "तू घरी जा, मी बघतो." साडूला ते फार लागलं होतं. मला एकदा म्हणाला, "माझं मरण त्यांनी घेतलं." मी म्हटलं, गप रे, वेड्यासारखं बोलू नकोस. पण त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही.

तर मेलेल्याच्या नावाने काम कसं चालतं? अहो, हीच तर या लोकांची कामाची पद्धत. नवीन लॉगिन हवं तर तीन सह्या आणि सहा महिने. मास्तरांच्या लॉगिनला सगळे अधिकार होते, पासवर्ड तिघांना पाठ. साडू, त्याच्या हाताखालचा चष्मिस आणि त्यांचे साहेब. मास्तर गेल्यावर ते लॉगिन कुणी बंदच केलं नाही. जो तो मास्तरांच्या नावाने आत शिरायचा आणि काम उरकायचा. चार महिने मेलेला माणूस रोज हजर. एक दिवस खाडा नाही. चष्मिस हसून म्हणायचा, "मास्तर आता जास्तच काम करायला लागलेत."

आता हसू बंद झालं होतं. साडूला चष्मिसचा संशय. त्या पोराने मध्येच नवी मोटरसायकल घेतली होती आणि विचारलं की उडवाउडवी करायचा. चष्मिसला साडूचा संशय. दोघं एका डब्यातलं खाणारे, आता एकमेकांच्या लॅपटॉपकडे चोरून बघत होते. आणि साहेबांनी त्या दिवशी दुपारी साडूला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "उद्या सकाळी दहापर्यंत मला नाव दे. नाहीतर मी तुझं नाव लिहून पोलिसांकडे देतो." चोवीस वर्षांची नोकरी, घरात दोन पोरी. गळ्याशी आलं होतं.

साडेअकराला तो पोचला. खोली म्हणजे दहा बाय दहाची, यंत्रांची कपाटं, पंखे घोंगावत असतात. दाराला आतून कडी घातली. दोनदा ओढून पाहिली. कपाटात लॅपटॉपची केबल लावायला दोन जागा, पोर्ट एक आणि पोर्ट दोन. एकमध्ये त्याने स्वतःची केबल लावली. दोनवर रबराचं टोपण होतं, धुळीने भरलेलं. मग स्टुलावर बसला. साहेबांनी दिलेल्या कागदावर नुसतं नाव आणि वेळ होती. इथे बसून त्याला दिसणार होतं की माणूस कुठून आत येतो. आज यायलाच हवा, एवढंच तो मनात म्हणत होता.

बारा वाजले. साडेबारा. एकदा बाहेर कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. चष्मिसचा मेसेज आला, "कुठे आहात?" साडूने उत्तर दिलं नाही. याला आत्ता कशाला हवंय, असंच त्याच्या मनात आलं.

एक वाजून पन्नास मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली.

मास्तर आत आले होते. म्हणजे त्यांच्या नावाने कोणीतरी. बाहेरून, इंटरनेटवरून. साडूने कुठून ते पाहिलं. त्या लाइनचा आकडा त्याला पाठ होता. गेल्याच वर्षी त्याने स्वतः शिडीवर चढून ती लाइन जोडून दिली होती.

साहेबांच्या घरी.

कुलूप निघालं. माणूस बाहेर पडला. सगळं मिळून एक मिनिटही नाही. साडूने पडद्याचे फोटो काढले. चष्मिसवर उगाच संशय घेतला याची लाजही वाटली त्याला. आता कुलूप परत लावावं म्हणून तो पुढे वाकला, पण थांबला. सकाळपर्यंत ते परत लागतं, हे त्याला आठवलं. साहेब बाहेर पडले. मग लावतं कोण?

तो वाट बघत बसला. का बसला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

दोन वाजून दहा.

दुसरी ओळ.

मास्तर आत.

या वेळी बाहेरून नाही. खोलीतून. पोर्ट दोन.

साडूने हळूच मान वळवली. पोर्ट दोन त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. केबल नाही. टोपण तसंच, धूळ तशीच. आणि टोपणाच्या शेजारचा बारका हिरवा दिवा... लागलेला.

पंखे चालू होते. तरी खोली फार शांत वाटली, असं तो म्हणतो.

पडद्यावर अक्षरं यायला लागली. एकेक. सावकाश. एका बोटाने टाइप करावं तशी. एक अक्षर चुकलं. पुसलं. परत आलं. मास्तर एकाच बोटाने टाइप करायचे...

कुलूप लागलं.

साडूच्या पाचावर धारण बसलेली. अक्षरं थांबली. दिवा तसाच. मग परत सुरू झाली. इंग्रजी अक्षरं, पण भाषा आपली.

तू घरी जा.

साडू रडला. भीतीने का कशाने, मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मास्तर?"

...

काही नाही. कडी काढून तो बाहेर आला, दाराला मोठं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि चालत सुटला. गाडी तिथेच विसरला.

सकाळी साहेबांकडे गेलाच नाही. त्यांच्या वरच्या ऑफिसात सुरक्षेचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या, थेट त्यांच्या टेबलावर फोटो ठेवले. बाई हुशार. तासाभरात महिन्याच्या सगळ्या नोंदी काढल्या. दर वेळी दोन. पहिली साहेबांच्या घरून, कुलूप काढायची. दुसरी वीस मिनिटांनी, खोलीतून, लावायची. दुपारपर्यंत साहेबांना घेऊन गेले.

मग बाईंनी चष्म्यावरून साडूकडे पाहिलं. "ही दुसरी नोंद कुणाची? दर वेळी तिथे बसून कुलूप कोण लावत होतं?"

काय सांगणार होता तो? मेलेला माणूस लावत होता? नुकताच सुटलेला माणूस परत संशयात पडला असता. साडू म्हणाला, "मीच."

"नक्की?"

"नक्की. मीच लावत होतो."

बाईंनी ते लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली. मास्तरांचं लॉगिन तिथल्या तिथे कायमचं पुसून टाकलं, आणि साडूला त्याच्या स्वतःच्या नावाचं नवं कोरं लॉगिन दिलं. सहा महिने नाही, सहा मिनिटांत. पासवर्ड त्याने एकट्याने, हाताने झाकून टाकला. मला म्हणाला, "त्या क्षणी कुठे जीव भांड्यात पडला."

आपल्या टेबलावर येऊन तो पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आत गेला. शेजारच्या टेबलावर चष्मिस. बाहेर लख्ख ऊन. आणि पडद्यावर एक चौकट आली.

तुमच्या नावाने आणखी एक जण आधीपासून आत आहे. त्याला बाहेर काढायचं का?

साडूने दोनदा वाचलं. मास्तर, मास्तर... असं काहीतरी पुटपुटला म्हणे. मग डोळे मिटून दाबलं. हो.

पडदा काळा झाला. त्याचा स्वतःचा. बाहेर पडला होता तो साडू.

परत पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा.

"चष्मिस," तो म्हणाला, "आत कोण कोण आहे ते तुझ्यावर बघ."

चष्मिसने पाहिलं. मग लॅपटॉप हळूच साडूकडे वळवला. त्या खोलीची किल्ली साडूच्या खिशात होती, मुठीत घट्ट धरलेली.

यादीत एकच ओळ होती. नाव साडूचं. जागा, टॉवरखालची खोली, पोर्ट दोन.