केसांतलं पाणी

वेस्टहाव्हनच्या रहिवास कार्यालयात नंबर पुकारला गेला तेव्हा ऋजुता खोबरेकरने वेणी आधीच मोकळी करून ठेवली होती. काउंटरवरच्या मुलीने तिला पाठमोरं बसायला सांगितलं, मानेच्या जरा वरची पेन्सिलीएवढी जाड बट वेगळी काढली आणि त्वचेलगत कात्री चालवली. मुळाकडचं टोक कुठलं ते कळावं म्हणून तिथे लाल दोरा बांधला. मग सही, अंगठा, पावती. चार मिनिटांचं काम होतं. त्या चार मिनिटांची वेळ मिळायला सात महिने लागले होते.

उत्तरेकडच्या त्या देशात परदेशी माणूस केसांवरून ओळखू यायचा. कायमच्या रहिवासाचा अर्ज करायचा तर निदान तीस सेंटिमीटर केस लागत. बंदरावरचे वेल्डर, बसचालक, रुग्णालयातले डॉक्टर, सगळे शेंड्या बांधून हिंडत आणि मंजुरीचं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे धावत. टक्कल पडलेल्यांसाठी वेगळा फॉर्म होता, पण तो कुठे मिळतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाणी सगळीकडे सारखं दिसलं तरी सारखं नसतं. पाण्यातल्या ऑक्सिजनचे काही अणू इतरांपेक्षा थोडे जड असतात आणि या जड-हलक्या अणूंचं प्रमाण प्रदेशागणिक बदलतं. माणूस ज्या भागातलं पाणी पितो, तिथलं प्रमाण त्याच्या केसांत उतरतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे तीस सेंटिमीटरची बट ही तीस महिन्यांची रोजनिशीच. घरभाड्याचे करार खोटे करता येतात, रोजनिशी करता येत नाही, असं म्हणून सरकारने केस-दाखला सुरू केला होता. पाच वर्षं देशात काढलेली असावीत आणि शेवटच्या तीस महिन्यांत नव्वदपेक्षा जास्त दिवस बाहेर गेलेले नसावेत, असा नियम होता.

ऋजुता मूळची मालवणची. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीजजोडणी सांभाळायचं काम ती करत होती. पंधरा दिवस समुद्रात खांबांवर उभारलेल्या प्लॅटफॉर्मवर आणि पंधरा दिवस वेस्टहाव्हनच्या दोन खोल्यांच्या घरात, असं पाच वर्षं चाललं होतं. ऑक्टोबरात कंपनीचा करार संपणार होता आणि करारासोबत तात्पुरता परवानाही. त्याआधी कायमचा रहिवास मिळाला नाही तर निघावं लागणार होतं.

नव्वदातले एक्क्याऐंशी दिवस आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेले होते, कारण जखम चिघळली आणि परतीची तारीख लांबत गेली. त्यानंतर वर्षभराने वडील हृदयविकाराने गेले, तेव्हा तिच्या हाताशी नऊ दिवस होते. ती प्लॅटफॉर्मवर होती आणि वादळामुळे बोट तीन दिवस येणार नव्हती. अर्जाचं काम पाहणाऱ्या वकिलाने स्पष्ट सांगितलं की आता गेलात आणि परतायला एक दिवस जरी जास्त लागला तरी पाच वर्षं वाया जातील. तिने वडिलांचे अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिले आणि त्याच दुपारी कामावर गेली. त्या दिवसापासून धाकटा भाऊ सर्वेश तिच्याशी आईच्या औषधांपलीकडे काही बोलत नव्हता.

बट दिल्यावर तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की बहुतेक प्रत्येक महिन्यात अर्जदाराने प्यायलेल्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं पाणी उष्ण प्रदेशातल्या समुद्रकिनाऱ्याचं आहे आणि ते अर्जदाराच्या जन्मस्थानाशी जुळतं. सबब, तीस महिन्यांपैकी सुमारे चौदा महिने अर्जदार देशाबाहेर होती असं अनुमान आहे. खुलाशासाठी अठ्ठावीस दिवस.

खुलासा कुठे करायचा हे शोधण्यात त्यातले नऊ दिवस गेले. संकेतस्थळावरचा मदतनीस प्रत्येक प्रश्नाला पत्र नीट वाचण्याचा सल्ला देत होता. अखेर श्रीमती हॉगस्टाड नावाच्या अधिकाऱ्यांची भेट मिळाली. बाई सौम्य होत्या. ऋजुताने पासपोर्ट, कामाचे हजेरीपट, दंतवैद्याकडच्या तारखा, सगळं टेबलावर मांडलं. त्यांनी एकेक कागद पाहिला आणि परत केला. ही दुय्यम साक्ष आहे, केसांपुढे ती टिकत नाही, असं त्यांनी सांगितलं. दर पंधरा दिवसांनी कोण भारतात जाऊन येईल, असं ऋजुताने विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की यंत्र फक्त प्रमाण सांगतं, माणूस कसा गेला आणि कसा आला ते यंत्राचं काम नाही.

त्या रविवारी तिने हे सर्वेशला फोनवर सांगितलं. का सांगितलं ते तिचं तिलाही कळलं नाही. तो मालवणीत म्हणाला, "म्हणजे बाबांका पोचवूक कागदार तरी तू इलंस."

 फोन ठेवल्यावर तिने ते पत्र पुन्हा उघडून वडील गेले तो महिना शोधला. आलेखात बटीचा चौदावा सेंटिमीटर होता आणि त्यावर लिहिलं होतं, उष्ण किनारा, निम्मे वास्तव्य.

पुढच्या पाळीला ती प्लॅटफॉर्मवर गेली. पाण्याची यंत्रणा सांभाळणारा रोहेलिओ त्या दिवशी जेवणघरात गाळणी बदलत होता. तो फिलिपिन्सचा, पन्नाशीचा, आणि त्याचेही केस खांद्यापर्यंत आलेले. दोन महिन्यांनी त्याची बट जायची होती. ती किटली घेऊन उभी राहिली तेव्हा त्याने दहा मिनिटं थांबायला सांगितलं. खाली समुद्राचं पाणी भरपूर आहे, पण ते गोडं होऊन यायला वेळ लागतो, असं तो गमतीने म्हणाला. ऋजुताने किटली खाली ठेवली. गेली पाच वर्षं महिन्यातले पंधरा दिवस ती समुद्र पीत होती.

पत्राच्या तळाशी प्रयोगशाळेतल्या डॉ. सिग्ने ऑल्म यांचं नाव होतं. अर्जदारांनी प्रयोगशाळेशी थेट संपर्क साधू नये, अशी सूचनाही होती. ऋजुताने तरीही प्लॅटफॉर्मवर कुठलं पाणी पितात ते लिहिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: पाणी पाठवा. रोहेलिओने बाटली भरून दिली, बोटीवरच्या खलाशाने ती पोहोचवली आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला.

"ढग समुद्रावरून निघून उत्तरेकडे सरकतो तसा तो जड पाणी आधी पाडून टाकतो," त्या म्हणाल्या. "आमच्यापर्यंत हलकं तेवढं पोहोचतं. तुमच्या किनाऱ्यावर ढग नुकताच समुद्रातून आलेला असतो, म्हणून तिथलं पाणी समुद्राच्या फार जवळचं. तुम्ही निम्मा महिना थेट समुद्र प्यायलात आणि निम्मा महिना इथलं पाणी. केसाच्या एका सेंटिमीटरमध्ये दोन्ही मिसळलं. यंत्राला वाटलं, निम्मा महिना मालवण."

हे आधी का लक्षात आलं नाही, असं ऋजुताने विचारलं.

"आमच्या तक्त्यात समुद्र नव्हताच," डॉक्टर म्हणाल्या. "समुद्रात कुणी राहत नाही, असं आम्ही धरून चाललो."

अठ्ठाविसाव्या दिवशी सुनावणी झाली. डॉ. ऑल्म यांचा अहवाल वाचून श्रीमती हॉगस्टाड यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. मग त्यांनी नकाशा उघडला आणि ते हसू हळूहळू मावळलं. देशाची हद्द किनाऱ्यापासून बावीस किलोमीटरवर संपते. प्लॅटफॉर्म साठ किलोमीटरवर होता. कंपनीचा पत्ता वेस्टहाव्हनचा, म्हणून आजवर हा प्रश्न कुणी काढला नव्हता. आता अर्जदाराने स्वतःच पुरावा दिला होता की निम्मे दिवस ती देशाच्या हद्दीबाहेर होती.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. खुलासा मागे घ्यायचा, म्हणजे हा अर्ज फेटाळला जाईल, पण ऋजुताला वेगळी नोकरी शोधून नव्याने अर्ज करता येईल आणि बाकी कुणाला झळ लागणार नाही. किंवा खुलासा नोंदवायचा. मग प्रकरण वरिष्ठ मंडळाकडे जाईल आणि प्लॅटफॉर्म देशात धरायचा की नाही हे मंडळ ठरवेल. तोवर तिचा सध्याचा परवाना चालू राहील, पण तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा अर्ज थांबेल.

"मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही," श्रीमती हॉगस्टाड म्हणाल्या. "परवापर्यंत कळवा."

ऋजुताने जेवणघरातल्या सगळ्यांना फोनवर एकत्र घेऊन हे सांगितलं. प्लॅटफॉर्मवर परदेशी असे तेवीस जण होते आणि त्यातल्या नऊ जणांचे अर्ज चालू होते. एकाने विचारलं की तिला गप्प बसता आलं नसतं का. दुसरा म्हणाला की त्याची बायको मुलांना घेऊन यायला निघाली आहे, आता तो तिला काय सांगणार.  मग रोहेलिओ बोलला. आपली बट गेली की यंत्र आपल्याला मनिलात बसवणार, असं तो म्हणाला. मनिलात तो अकरा वर्षांत गेलेला नाही.

"खोट्या जागी राहिलो असं लिहून घेण्यापेक्षा कुठेच राहिलो नाही असं लिहिलेलं बरं," तो म्हणाला. "नोंदव तू."

सगळ्यांना ते पटलं नाही. दोघांनी नंतर तिच्याशी बोलणं सोडलं. पण तिने नोंदवलं.

मंडळाला आठ महिने लागले. निकाल दोन पानांचा होता. अर्जदाराने कोणतीही खोटी माहिती दिलेली नाही आणि भारतातील वास्तव्याचं अनुमान रद्द करण्यात येत आहे, हे पहिल्या पानावर होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की प्लॅटफॉर्मवरचे दिवस देशाबाहेरचे धरले जाणार नाहीत आणि देशातलेही धरले जाणार नाहीत. ते मोजलेच जाणार नाहीत. त्या हिशेबाने ऋजुताची पाच वर्षांची जेमतेम अडीच झाली. कंपनीने करार वाढवला होता, तेव्हा तात्पुरता परवाना चालू राहणार होता. कायमच्या परवान्यासाठी आणखी पाच वर्षं, निम्मी समुद्रात.

निकाल हाती आला त्याच आठवड्यात तिने दीड महिन्याची रजा टाकली. किती दिवस बाहेर राहिलं तर चालेल, हे तिने यावेळी कुणाला विचारलं नाही.

कुडाळ स्टेशनवर सर्वेश घ्यायला आला होता. घरी न नेता तो आधी तिला वडिलांना जिथे पोचवलं होतं तिथे घेऊन गेला आणि स्वतः लांब उभा राहिला. बऱ्याच वेळाने तो जवळ आला. त्याने मंडळाचा निकाल वाचायला मागितला. तिने पहिलं पान त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, घडी करून परत दिलं आणि तिची बॅग पुन्हा गाडीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मागच्या दारी आमसुलं उन्हात पसरत होती. ऋजुता शेजारी बसून तिला सगळं पहिल्यापासून सांगू लागली. जड पाणी आणि हलकं पाणी, बावीस किलोमीटरची रेघ, न मोजलेले दिवस. मालवणात मी राहत नव्हते, हे त्यांनी लिहून दिलं आहे, असं तिने सांगितलं. त्या देशात राहत होते हे मात्र निम्मंच मान्य आहे. आणि समुद्रात तर कुणी राहूच शकत नाही, असा कायदा आहे.

 सूप बाजूला ठेवून आईने लेकीकडे पाहिलं.

"ता सगळा खरा गो बाय," ती म्हणाली, "पण मगे तू रवतंस खंय?"