जिथे नजर थांबते

वेंगुर्ल्यात आता आमसुलांच्या शेजारी पुस्तकंही उन्हाला ठेवत. सकाळची कामं आटोपली की बायका अंगणात खाट टाकत, एका बाजूला कोकमाच्या साली पसरत आणि दुसऱ्या बाजूला मुलांची चित्रपुस्तकं पालथी घालत. पाठीवर ऊन पडलं की पुस्तक आठवडाभर जागं राहायचं, मग रंग फिकट पडत आणि ते झोपी जाई. म्हणून त्याला जागता कागद म्हणत. त्याच्या पापुद्र्याखाली रंगाचे अतिसूक्ष्म कण असत, विजेच्या क्षीण झटक्याने सरकणारे. पानाच्या कडेचे ठिपके वाचणाऱ्याची नजर टिपत. मूल कुठे अडलं की तिथलं चित्र सोपं होई, शब्द सोपे होत. कमी दिसणाऱ्या मुलांसाठी काढलेला हा कागद पुढे घरोघरी गेला.

हेमांगी तुळसकर कपडे वाळत घालत होती. दगडी गडग्यापलीकडे शेजारची तेजू खाटेवर बसून मोठ्याने वाचत होती. पुस्तक हेमांगीचंच होतं, तिचं पहिलं, गेल्या वर्षी स्वतः छापून घेतलेलं.

"आणि मुलीने दोन्ही डोळे उघडले. तिला समुद्र दिसला, होड्या दिसल्या, सगळं सगळं दिसलं."

पिळलेला टॉवेल हेमांगीच्या हातातच राहिला. हे वाक्य पुस्तकात नव्हतं.

मूळ वाक्य तिच्या मुलीचं होतं. 'मुलीने उघडा डोळा मिटला. मग पट्टीमागच्या डोळ्याला समुद्राच्या तळाचे मासे दिसायला लागले.' चिन्मयीच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली तेव्हा ती सहा वर्षांची होती. डोळा काढला, तरी दुखणं पुढे गेलं. उरलेल्या डोळ्यालाही बारीक काही दिसेना, म्हणून इस्पितळात तिला जागत्या कागदाचे ताव दिले होते. त्यावर तिने स्वतःला काढलं. मोठं डोकं, काड्यांचे पाय, एका हाताला सहा बोटं आणि डोळ्यावर निळी पट्टी. खरी पट्टी पांढरी होती, पण पांढरी आजाऱ्यांची असते, असं तिचं म्हणणं. समुद्र, होड्या, माडाची झाडं आईने काढायची. मुलीला मात्र हात लावायचा नाही, ती माझी आहे, अशी ताकीद होती.

चिन्मयी गेल्यावर हेमांगीने ते ताव प्रकाशकांना दाखवले. पुण्याच्या एका बाईंनी फार हळुवारपणे सांगितलं होतं की शेवटी पट्टी सुटलेली दाखवा, नाहीतर आईबाप पुस्तक घेणार नाहीत. हेमांगी ताव गुंडाळून परत आली आणि कुडाळच्या धुरीकाकांच्या छापखान्यात गेली. तिथे मूळ तावावर कोरा ताव दाबून प्रती उमटवत. संगणकात काही साठत नसे. मूळ तावांचीच बांधून केलेली प्रत हेमांगीकडे आली. काकांनी तेव्हा विचारलं होतं, शाई गोठवायची का? भट्टीतून काढली की कण जागच्या जागी बसतात, मग पान हलत नाही. हेमांगी नको म्हणाली होती. चिन्मयीसारख्या मुलांना मग ते पुस्तक दिसलं नसतं.

ती गडगा ओलांडून गेली. तेजूच्या पानावर मुलीच्या हाताला पाचच बोटं होती. डोळ्यावर पट्टीऐवजी ढगाच्या सावलीसारखी फिकट निळी छटा उरली होती. हेमांगीने घरातून आपली प्रत आणली आणि शेजारी ठेवली. तिच्या प्रतीत ती छटाही नव्हती. दोन टपोरे डोळे तिच्याकडे पाहून हसत होते.

ही प्रत ती रोज उघडत होती. दुपारचं जेवण झालं की चटईवर बसून, न चुकता. रोज पाहणाऱ्याला मूल वाढलेलं कळत नाही, तसंच हे झालं असावं. की कळत होतं आणि बरं वाटत होतं?

तेजूला तिने विचारलं, पट्टी आवडली नव्हती का?

"आवडली म्हणून तर बघत बसायचे," तेजू म्हणाली. "मला पण तशीच हवी होती. मी आजीकडे फडकं मागितलं, तर आजीने धपाटा घातला. आणि मग ती पुसतच गेली, काकी. मी काही नाही केलं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रती घेऊन हेमांगी कुडाळला गेली. धुरीकाकांनी चष्मा कपाळावर चढवून त्या उलटसुलट पाहिल्या.

"नजर थांबली की कागद समजतो, पोर अडलं," ते म्हणाले. "माणूस आणखी कशाला थांबतं, ते त्याला कोणी शिकवलंच नाही गो. जिथे जास्त थांबाल, तिथे जास्त पुसणार."

"म्हणजे मीच पुसली तिला."

काकांनी मान वर केली. छपाई यंत्राच्या वर भिंतीत एक फळी होती. दर दसऱ्याला यंत्राची पूजा करताना त्या वर्षीच्या प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत ते यंत्रापुढे ठेवत, हळदकुंकू वाहून लाल दोऱ्याने बांधत आणि फळीवर चढवत. ती प्रत कधी उघडायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा नेम. एकदा एक कवी आपली प्रत मागायला आला होता, त्यालाही त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. आज त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं आणि हेमांगीच्या पुस्तकाची ती पहिली प्रत खाली काढली.

आता गोठवता येईल का, असं तिने विचारलं. शाई ताजी असतानाच ते होतं, आता भट्टीत घातली तर काळी पडेल, असं ते म्हणाले. उजेडात उघडली की ही प्रतही जागी होणार. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"कॅमेऱ्याला नजर नसते. तू पानं उलट, मी फोटो काढतो. पण दोघांनीही डोळे मिटायचे. मी एक वेळ मिटेन. तू मिटशील?"

ते सोपं नव्हतं. दोरा सुटला, वाळक्या झेंडूचा वास आला. फोन लाकडी चौकटीत उलटा बसवलेला, काकांचा अंगठा चाचपडत बटणावर. हेमांगीने डोळे घट्ट मिटून पान उलटलं. बोटांना कागद लागत होता. त्याच्यावर, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, चिन्मयी होती, सहा बोटांची, स्वतःच्या हाताने काढलेली. नुसती पापणी उचलायची होती. हेमांगीने दात आवळले आणि पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं.

शेवटच्या पानावर काका म्हणाले, "मिटूनच ठेव गो, दोरा बांधून होईपर्यंत."

फोटोंवरून साध्या शाईची प्रत छापून आली तेव्हा कोकमाचा हंगाम सरत आला होता. पट्टी निळी होती. बोटं सहा होती. हेमांगीने ती बोट लावून मोजली. पहिली प्रत तिने तेजूला दिली.

तेजू सवयीने पुस्तक खाटेवर पालथं घालायला निघाली, तेव्हा हेमांगीने सांगितलं की याला ऊन लागत नाही. तेजू पायरीवर बसली. पट्टीच्या पानावर आली आणि तिथेच थांबली. बराच वेळ पाहिलं, मान तिरकी केली, पुन्हा पाहिलं. पान जसंच्या तसं राहिलं.

"आता पुसणार नाही ना?"

"नाही."

"कितीपण बघितलं तरी?"

"कितीही बघ."

तेजूचं समाधान झालेलं दिसलं. तिने सहा बोटांवरून आपलं बोट फिरवलं. मग काहीतरी मनात आलं असावं. तिने हेमांगीच्या हातातल्या जुन्या प्रतीकडे पाहिलं, दोन टपोऱ्या डोळ्यांच्या त्या बऱ्या झालेल्या मुलीकडे, आणि पुन्हा आपल्या पानाकडे.

"म्हणजे काकी, ही आता कधीच मोठी नाही होणार?"

अंगणात ऊन खाटेपर्यंत आलं होतं. शेवटचं ऊन दाखवून आठवडा उलटून गेला होता. जुनी प्रत झोपेला आली होती, तिचे रंग फिकट पडू लागले होते. हेमांगी ती छातीशी धरून उभी राहिली. आज तिला उन्हाला ठेवायचं का?