हवाबंद भरीत

माझं क्लिनिक चाकणला, कंपन्यांच्या रस्त्यावर. सकाळची पाळी सुटली की खोकलेवाले, पाठदुखीवाले आणि नुसतंच सर्टिफिकेट मागणारे एकदमच येतात. त्या गुरुवारी रोहिदास आला तो बोटानं पापणी वर धरून. सोबत बायको, जयमाला.

"म्याडम, तुमी दोन दिसताय."

"एकीचंच कुणी ऐकत नाही, दुसरी कशाला?" मी म्हटलं.

तो हसला, पण ओठ पुरते हलले नाहीत. बोलणं जड होतं. दारूचा वास नाही, ताप नाही, शुद्ध अगदी लख्ख. तोंडाला कोरड, पाणी गिळताना ठसका, मान सावरेना. पाय मात्र अजून धड होते. अशक्तपणा वरून खाली उतरत होता. माझी थट्टा तिथंच थांबली.

"दोन दिवसांत वेगळं काय खाल्लंत?"

"वांग्याचं भरीत," जयमाला म्हणाली. "ह्येंनी कंपनीतल्या मशीनवर पिशवीतली हवा काढून प्याक केलं. तीन आठवडं फळीवर हुतं. हवाच न्हाई तर नासंल कसं, म्हणले. मला मंगळवारचा उपास, म्हणून मी वाचले."

हवा नसते तिथंच एक जंतू फोफावतो आणि विष करतो. त्या विषानं होणारा आजार म्हणजे बॉट्युलिझम. पुस्तकाबाहेर मी तो पहिल्यांदाच पाहत होते. श्वास कधीही थांबला असता. मोठ्या हॉस्पिटलला फोन करून व्हेंटिलेटर तयार ठेवायला आणि प्रतिविष मागवायला सांगितलं. मला मनातून भीती वाटत होती.

अँब्युलन्सची वाट बघताना रोहिदास भिंतीकडच्या बाकाकडं पाहत होता.

"समदं दोन-दोन दिसतंय. त्या आजी तेवढ्या एकच कशा?"

बाक रिकामा होता.

मी त्याचा एक डोळा तळहातानं झाकला. "आता?"

"तुमी एकच. आजी न्हाईत."

मी हात काढला.

"आल्या."

अठरा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. तपासणीत निदान पक्कं झालं. आणि गडी वाचला. दोन महिन्यांनी दोघं पेढे घेऊन आले तेव्हा मला घरचंच कार्य असल्यासारखा आनंद झाला. पापण्या सरळ, जीभ पुन्हा तिखट.

"आता मी किती?"

"एकच. तेवढी बास हाय."

आम्ही तिघं हसलो. हसत हसत जयमाला बाकावर टेकणार, तोच त्यानं तिचा दंड धरला.

"तिथं नगं," तो हळूच म्हणाला. "जागा न्हाई. आता दोघी बसल्यात."